शनिवारचा केक

थोरलीने वरच्या फळीवरून बदामाच्या पुडीची बरणी डाव्या हाताने खाली ओढली, झाकण फिरवलं आणि चमचा आत घातला. चमचा सरकला नाही. वरचा थर कचकन मोडला आणि खाली गुठळ्या लागल्या. बदामाची पूड अशी धरत नाही. तिने चिमूटभर जिभेवर ठेवली. ती टाळूला चिकटली. दुधाची पावडर होती.

ती हळूच मागे वळली. खालच्या फळीवर डावीकडून तिसरी बरणी, ही गेली सहा वर्षं दुधाच्या पावडरीची जागा. तिथली बरणी तिने उघडली. चाखायची गरज पडली नाही, वासच पुरे होता.

भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

कॅफे लहानसा, सात टेबलांचा, दोन जावांनी चालवलेला. थोरली स्वयंपाकघरात, धाकटी बाहेर. दोघींचे नवरे आपापल्या नोकऱ्या सांभाळून रविवारी तेवढे यायचे, आणि तेही खायला. थोरलीचा हात चवीचा आणि धाकटीचं डोकं गिऱ्हाइकांचं. कोणाला टोस्ट कडक लागतो, कोणाला अंडं मऊ, कोण पावाची कड काढून ठेवतं, हे तिने एकदा पाहिलं की पाठ. ओळखीचा माणूस दारातून आत आला की तो खुर्ची ओढायच्या आत त्याचं खाणं निघायचं. विचारायचं नाही, हा त्या कॅफेचा कायदाच होता. पदार्थांची कार्डं सहा वर्षांपूर्वी छापून घेतली होती, ती गठ्ठा बांधून तशीच पडली होती. नावं मात्र धाकटीला कोणाचीच ठाऊक नसत आणि त्याचं तिला काही वाटतही नसे. लोकांच्या पाठीमागे ती त्यांना त्यांच्या खाण्यावरून ओळखायची. जळका टोस्ट. दोन लिंबू. बिनमिठाची अंडी. पावचमचा.

पावचमचा म्हणजे कॉफीत पाव चमचा साखर घेणारी ती उंच बाई. दर शनिवारी साडेनऊला यायची, खिडकीजवळ दहा मिनिटं बसायची आणि जाताना एक लहानसा केक डब्यात घेऊन जायची. दोन वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा आली तेव्हा तिने काचेतल्या एकेका पदार्थावर बोट ठेवून विचारलं होतं, यात दाणे आहेत का, यात बदाम आहे का, हे कशाशेजारी ठेवलं होतं. धाकटीने कारण विचारलं तेव्हा तिने ते एका दमात सांगून टाकलं. मुलाला शेंगदाणा, बदाम, अक्रोड, काहीच चालत नाही. तीन वर्षांचा असताना कोणाच्या तरी घरी एक बिस्कीट खाल्लं, ओठ निळे पडले, दोन रात्री दवाखान्यात. तेव्हापासून पर्समध्ये इंजेक्शन घेऊन फिरते.

पुढच्या शनिवारी ती नुसती कॉफी प्यायला आली आणि धाकटीने सगळ्यांसमोर तिच्या पुढ्यात डबा ठेवला. तुमच्या मुलासाठी. जाऊबाईंनी वेगळ्या भांड्यात केलाय, बदामाचा कणसुद्धा नाही. बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. ही गोष्ट दोघी जावा पुढे कित्येकांना सांगत आल्या होत्या, आणि सांगताना दर वेळी पाणी थोडं वाढत गेलं होतं.

तेव्हापासून शनिवारी पहाटे, कशालाही हात लावायच्या आधी, थोरली ओटा दोनदा पुसायची, हात तीनदा धुवायची आणि निळ्या मुठीचं वेगळं भांडं काढून तो केक करायची. शेवटी चार चमचे दुधाची पावडर, केक अंगाला भरावा म्हणून. बाई पुढच्या आठवड्यात स्वयंपाकघराच्या खिडकीशी वाकून सांगायची. पोहून आला की आधी केकच मागतो. कडेचा तुकडा कुणाला, यावरून भांडला. थोरलीला या दोन वाक्यांवर आठवडा काढता यायचा. तिला स्वतःला मूल नव्हतं. त्या न पाहिलेल्या पोराची भूक तिला आपली वाटायला लागली होती.

आज पहाटेही तिने न बघता हात मागे नेला होता आणि खालच्या फळीवरची तिसरी बरणी घेतली होती. पांढरट पूड, नाकात व्हॅनिलाचा वास. चार चमचे, चांगले वर शीग येईपर्यंत.

क्षणभर तिच्या मनात आलं की दोन्ही बरण्यांची झाकणं लावावीत आणि कामाला लागावं. चार चमचे म्हणजे कितीसे. भाजल्यावर काय उरतं. असं मनात आलं म्हणून तिला स्वतःची इतकी किळस वाटली की ती जवळजवळ धावतच खिडकीशी गेली.

"पावचमचा गेली का?"

धाकटीने सवयीने चिठ्ठीसाठी हात पुढे केला होता, तो तसाच राहिला. गुरुवारपासून दोघींचं बोलणं नव्हतं. सूप खारट झालं होतं, आणि ते आत येऊन सांगायचं सोडून धाकटी बाहेर गिऱ्हाइकाला म्हणाली होती, आमच्या जाऊबाईंचं हल्ली लक्ष नसतं. खिडकीला पडदा नाही, हे ती विसरली होती. तेव्हापासून खिडकीतून नुसत्या चिठ्ठ्यांची ये-जा चालली होती. दोघीही हट्टाला पेटल्या की ऐकायच्या नाहीत.

"गेली की. पावणेदहालाच."

"कुठं राहते?"

"का?"

थोरलीने बरणी उचलून खिडकीत ठेवली आणि काय झालं ते सांगितलं. धाकटीचा चेहरा ऐकता ऐकता पांढरा पडला. ती आधी बरणीकडे बघत राहिली आणि मग मागच्या मांडणीकडे.

"कुठं राहते ती?" थोरलीने पुन्हा विचारलं.

धाकटीने तोंड उघडलं. कप ती डाव्या हाताने उचलते. चष्मा डोक्यावर ठेवून विसरते. कॉफी संपायच्या आधी उठते, दोन घोट नेहमी उरतात. हे सगळं धाकटीला माहीत होतं. त्या माहितीवर कोणाचं दार सापडणार होतं?

"नाव तरी?"

"नाही."

"फोन?"

"कधी मागितलाच नाही. यायचीच ना ती दर शनिवारी."

पोरगं पोहून अकराला घरी येतं. हे दोघींनाही ठाऊक होतं आणि दोघींनी एकाच वेळी घड्याळाकडे पाहिलं.

थोरली एप्रनसकट बाहेर आली. बऱ्याच गिऱ्हाइकांनी तिला खांद्याच्या खाली पहिल्यांदाच पाहिलं. ती टेबलांच्या मधोमध उभी राहिली.

"आत चला," धाकटी तिच्या कोपराला धरून पुटपुटली. "सगळ्यांसमोर नको. मी एकेकाला विचारते."

"वेळ नाही," थोरली म्हणाली आणि तिने कोपर सोडवून घेतलं. मग खोलीकडे बघत मोठ्याने सांगितलं, "माझ्याकडून चूक झालीय. एका मुलाला बदाम चालत नाही, जिवावर बेततं, आणि त्याच्या केकमध्ये माझ्या हातून बदाम गेलाय. त्याची आई मघाशी तिथं बसली होती. तिचं घर कोणाला माहीत आहे का?"

चमच्यांचा आवाज थांबला. बिनमिठाच्या अंड्यांनी आपल्यापुढची केकची बशी हळूच दूर सरकवली. कोणाला तरी ती बाई रोज बसथांब्यावर दिसल्यासारखी वाटत होती, कोणाला ती बँकेत असावी असं वाटत होतं. एवढी वर्षं शनिवारी सगळे एकाच वेळी एकाच खोलीत बसत आले होते, आणि तिचं नाव एकालाही येत नव्हतं.

"उंच का?" कोपऱ्यातून दोन लिंबू म्हणाली. ही जवळच्याच गल्लीत शिवणकाम करणारी बाई, चहात लिंबाच्या दोन चकत्या घेणारी. "चष्मा डोक्यावर?"

"तीच," धाकटी म्हणाली.

"मग मघापासून विचारताय काय. तिच्या पोराची शाळेची पँट लांब करून दिलीय मी. घरी नेऊन दिली होती."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, पण हसायला कोणाला सुचलं नाही.

"नाव काय तिचं?"

"नाव नाही हो लिहीत मी, माप लिहिते. कंबर बावीस." शिवणकामवाली कपाळ चोळायला लागली. "लाँड्रीच्या मागची इमारत. हिरवं फाटक. मी वर गेले नव्हते, तीच खाली आली होती."

जळक्या टोस्टने वर्तमानपत्र खाली ठेवलं. हा म्हातारा आयुष्यभर विजेचे मीटर वाचून निवृत्त झाला होता. "तिथं दोन जिने आहेत," तो म्हणाला. "आत शिरल्यावर एक डावीकडे, एक उजवीकडे. आठ आणि आठ, सोळा मीटर. लिफ्ट नाही."

"तुम्ही इथं बसा," धाकटी त्याला म्हणाली. "काउंटरवर."

"कोणी आलं तर काय देऊ?"

"काही देऊ नका."

दोघी बाहेर पडल्या तेव्हा साडेदहा होऊन गेले होते.

लाँड्री चालत पंधरा मिनिटांवर. थोरलीचं वय बावन्न, उजवा खांदा दोन महिने धरलेला, आणि पायात स्वयंपाकघरातली रबरी चप्पल. तरी ती धाकटीच्या दोन पावलं पुढेच होती. चौकातला सिग्नल लागला. समोरून गाड्या सुटल्या आणि त्या संपेनात.

"बरण्या कुणी हलवल्या?" थोरलीने समोर बघत विचारलं.

"मी."

"कधी?"

"काल संध्याकाळी. तुम्ही गेल्यावर." धाकटीने पदर खोचला. "बदामाची बरणी जड आहे. दर वेळी वरून काढताना तुमचा खांदा दुखतो, तुम्ही तोंड वाकडं करता, मला दिसतं ते खिडकीतून. म्हणून ती खाली ठेवली आणि हलकी वर."

"आणि सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही बोलत होतात का माझ्याशी?"

"चिठ्ठी लिहायचीस."

"लिहिली होती," धाकटी म्हणाली. "मग फाडली. म्हटलं, मीच का आधी लिहू."

सिग्नल सुटला. थोरलीच्या तोंडाशी खूप काही आलं होतं. चांगलं जहाल, वर्षांनुवर्षं साठवलेलं. पण पोराला काही झालं तर ते बोलायला पुढे सगळा जन्म पडला होता, आणि नाही झालं तर बोलायची गरज नव्हती. तिने रस्ता ओलांडला. धाकटी मागून येता येता, देवा, देवा, असं काहीतरी म्हणत होती.

हिरवं फाटक उघडंच होतं. आत शिरल्यावर म्हातारा म्हणाला तसे दोन जिने होते आणि मध्ये सायकली. नावांच्या पाटीवर सोळा नावं. दोघींनी ती वाचून पाहिली. त्यांतलं एकही त्यांच्या ओळखीचं नव्हतं.

"मी उजवीकडे," धाकटी म्हणाली आणि तिने पहिल्या पायऱ्या दोन-दोन करत घेतल्या.

थोरलीने डावा जिना धरला. पहिल्या मजल्यावरच्या एका दाराला कुलूप होतं. दुसऱ्या दारातून एक म्हातारे गृहस्थ फार सावकाश बाहेर आले आणि तिचं बोलणं त्यांनी दोनदा ऐकून घेतलं. मुलं सगळी वर राहतात, असं ते म्हणाले. दुसऱ्या मजल्यावर कुत्रं भुंकलं, दार कोणी उघडलं नाही. तिला धाप लागली होती. खांद्यातून कळ थेट मानेत जात होती. तिसऱ्या मजल्यावरच्या दारावर एक कागद चिकटवलेला दिसला. अक्षर मोठं आणि सुवाच्य होतं. आमच्या मुलाला खायला काहीही देऊ नये. लहानसा तुकडाही नको. कृपया.

तिने बेल दाबली आणि बोट तसंच दाबून धरलं.

दार मुलाने उघडलं. दहा-अकरा वर्षांचा, बारीक, केस ओले, खांद्यावर टॉवेल. त्याचा एक गाल फुगलेला होता आणि तो काहीतरी चावत होता.

"थुंक," थोरली म्हणाली.

पोरगं घाबरून एक पाऊल मागे सरलं. तिने आत पाय टाकला. समोर जेवणाचं टेबल, टेबलावर तिचा डबा, झाकण उघडं. केकचा एक चांगला जाड तुकडा कमी झाला होता. शेजारी सुरी. थोरलीने दाराच्या चौकटीला धरलं.

"थुंक आधी. आई कुठंय तुझी?"

"सफरचंद आहे," पोरगं म्हणालं आणि पुरावा म्हणून त्याने तोंड उघडून दाखवलं.

आई आतून हात पुसत आली. थोरलीला तिथे बघून तिचा चेहरा आधी गोंधळला, मग ती टेबलावरच्या डब्याच्या आणि थोरलीच्या मध्ये येऊन उभी राहिली. चोरी पकडली गेल्यावर माणूस उभा राहतो तशी.

"त्यात बदाम आहे," थोरली म्हणाली. "चुकून. बरणी बदलली. त्यानं खाल्ला का?"

आईने मुलाला दंडाला धरून खिडकीजवळच्या खुर्चीत नेऊन बसवलं. डबा बंद केला, पिशवीत घातला, गाठ मारली, दुसऱ्या पिशवीत घातला. सुरी कागदात गुंडाळली. टेबल पुसलं, फडकं टाकून दिलं, पुन्हा पुसलं. हात कोपरापर्यंत धुतले, तोंड धुतलं, चुळा भरल्या. हे सगळं तिने न गडबडता केलं, आपण रोज दार लावतो तसं.

"सफरचंद कशानं कापलं?" थोरलीने विचारलं.

"त्याची सुरी वेगळी आहे." आईने पर्समधून इंजेक्शन काढून टेबलावर ठेवलं आणि खुर्ची ओढली. "बसा. थोडा वेळ बघू या. मघाशी माझ्या हातचं काही लागलं असलं तर कळेल."

दोघी बसल्या. समोर पोरगं सफरचंदाची उरलेली फोड खात होतं आणि या दोन बायका आपल्याकडे का बघताहेत ते त्याला कळत नव्हतं. थोरली त्याचे ओठ बघत होती. जन्मात तिने कोणाला खाताना इतक्या लक्षपूर्वक पाहिलं नव्हतं.

"या दारातून आजवर बदाम आत आला नव्हता," आई खालच्या आवाजात म्हणाली. "आणि मीच आणला."

"तुम्ही कशा? मी."

"तो खात नाही, काकू."

"आज खाल्ला नाही ना? मग झालं तर."

"कधीच नाही खाल्ला."

थोरलीला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "कधीच म्हणजे?"

"पहिल्या दिवसापासून. बाहेरचं काहीच देत नाही मी त्याला. कोणाच्याच हातचं नाही. माझ्या आईच्या हातचंही नाही."

"कडेच्या तुकड्यावरून भांडला म्हणून सांगितलंत."

"सांगितलं."

"पोहून आला की आधी केक मागतो म्हणालात."

आई मान खाली घालून बसली. थोरलीच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. एवढा वेळ छातीत धरून ठेवलेली भीती सुटली होती, आणि तिच्या जागी आता नुसता संताप होता.

"मी भांडं वेगळं ठेवते," ती म्हणाली. "चमचा वेगळा. ओटा दोनदा पुसते. हात तीनदा धुते. शंभर शनिवार झाले असतील, एकदा तापात उठून केलाय. आणि तुमचा विश्वास नाही?"

तिचा आवाज चढला तसं पोराने वर पाहिलं.

आईची नजर दारामागे ठेवलेल्या, दोन गाठी मारलेल्या पिशवीकडे गेली. थोरलीनेही तिकडे पाहिलं. मग ती बराच वेळ आपल्या एप्रनच्या कडेकडे बघत बसली.

"मग खातं कोण?" शेवटी तिने विचारलं.

"मी."

आईने चष्मा डोक्यावरून काढला आणि हातात धरला. "त्या दिवशी तुमच्या जाऊबाईंनी सगळ्यांसमोर डबा पुढे ठेवला. लोक बघत होते, हसत होते. नको कसं म्हणायचं? म्हटलं, घरी नेऊन टाकीन. मग टाकायच्या आधी एक तुकडा खाल्ला." तिने चष्म्याची काडी मिटली. "आठवडाभर मी विचारत असते. यात काय आहे, त्यात काय आहे, कोणी शिवलं, कशात ठेवलं. पुडक्यांवरची बारीक अक्षरं वाचते. सासरी, शाळेत, सगळ्यांना नकोशी झालेय मी. तुमच्याकडे मला काही विचारावं लागत नाही. कॉफी आपोआप येते. केक आपोआप येतो. हा पोहायला गेला की दार लावते आणि उभ्यानंच खाते. मग ताट धुते, हात धुते, डबा खाली टाकून येते. तो यायच्या आत सगळं स्वच्छ."

"उभ्यानं?"

"वेळ कुठं असतो. आज तलावाचं पाणी बदलायचं होतं म्हणून त्याला लवकर सोडलं. दोन घास झाले होते माझे." आणि मग, बहुधा नुसतंच तोंडातून निघून गेलं, "आज फार छान झाला होता. नेहमीपेक्षा."

म्हटल्यावर तिचं तिलाच ऐकू आलं. तिने तोंडावर हात धरला. थोरलीला त्या क्षणी रडावं की हसावं ते कळेना, आणि तिने दोन्हींतलं काहीच केलं नाही. पोराची फोड संपली होती. त्याचे ओठ होते तसेच होते. आणखी एक देशील का, असं त्याने आईला विचारलं.

निघताना आई दारापर्यंत आली. "तुमच्या जाऊबाईंना सांगू नका," ती म्हणाली. "फार हौसेनं देतात त्या."

थोरलीने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. दुहेरी पिशवी तिने आपल्याबरोबर घेतली.

खाली सायकलींपाशी धाकटी उजव्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली होती. तिने आठही दारं वाजवली होती. केस सुटले होते. थोरलीला बघून ती उठली, पण विचारायचं तिला धैर्य होईना.

"ठीक आहे पोरगं," थोरली म्हणाली. "खाल्ला नाही त्यानं."

धाकटी परत मटकन खाली बसली आणि तोंडाला पदर लावून रडली. थोरली तिच्याजवळ उभी राहिली. मग तिने डावा हात धाकटीच्या डोक्यावर ठेवला. लग्न होऊन आली तेव्हा ही पोर अठराची होती.

"वेळेवर पोचलो म्हणायचं," धाकटी नाक ओढत म्हणाली.

थोरलीने तिच्याकडे पाहिलं.

"हो," ती म्हणाली. "वेळेवर पोचलो."

कॅफेत एकही गिऱ्हाईक हललं नव्हतं. जळका टोस्ट काउंटरमागे ताठ उभा होता आणि मध्ये आलेल्या चार जणांना त्याने खरोखरच काही दिलं नव्हतं. धाकटीने दारातूनच हात वर केला आणि सगळी खोली सैल पडली. शिवणकामवालीने डोळे पुसले. मग धाकटी सांगायला लागली. सिग्नल, फाटक, दोन जिने, आणि पाच मिनिटं उशीर झाला असता तर. ऐकणारे मान हलवत होते. आपल्याशिवाय ते घर सापडलं नसतं, हे प्रत्येकाला थोडं थोडं वाटत होतं. दुपारपर्यंत ही गोष्ट गल्लीभर होणार होती.

आत थोरलीने पिशवी कचऱ्यात टाकली, हात धुतले आणि कणीक पुढे ओढली. खिडकीतून धाकटीचा आवाज येत होता. ती ऐकत होती आणि मळत होती.

बऱ्याच वेळाने धाकटी खिडकीशी आली. हातात चिठ्ठी नव्हती.

"जाऊबाई, बरण्या परत होत्या तशा ठेवू का?"

"राहू दे. खांद्याला बरं पडतंय."

धाकटी तिथेच रेंगाळली. "आणि पुढच्या शनिवारी मी पहाटेच येते. त्या केकच्या वेळी तुमच्याजवळ उभी राहते. चमचा न् चमचा बघते."

"ये." थोरलीने कणीक उलटी केली. "पण डब्यात भरू नकोस तो."

"मग?"

"जाड तुकडा काप, बशीत घाल आणि कॉफीबरोबर तिच्या पुढ्यात ठेव."

"आणि मुलाला?"

कणकेवरचा थोरलीचा हात थांबला नाही.

"ती बसून खाईल," ती म्हणाली. "तिला घाई करू देऊ नकोस."